घरातली प्रथमोपचार पेटी : तुमच्याकडे खरंच काय काय आहे?

कोयनाकाठ

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे या वेळी एक ठराव आलाय. प्रत्येक फ्लॅटला एकेक तयार फर्स्ट एड बॉक्स घ्यायचा, घाऊक भावात. नमुन्याचा डबा सचिवांकडून मागून आणला आणि जेवणाच्या टेबलावर उघडला. पारदर्शक प्लास्टिक, झाकणावर लाल क्रॉस. आत चिकटपट्ट्या, कापसाची गुंडाळी, बोटाएवढी जंतुनाशकाची बाटली, कंबरदुखीचं मलम आणि एक कात्री. तिने गॉज कापायला जावं तर गॉज दुमडून पात्यांच्या मधे अडकतं.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्यक्षात काय काय घडतं ते बघा. कुकरची वाफ हातावर येते. आजोबा बाथरूममध्ये घसरतात. कोणाची साखर उतरते, कोणाच्या छातीत दुखतं, कोणाचं पोर काहीतरी गिळतं. यातल्या एकाही प्रसंगाला त्या डब्याचा फारसा उपयोग नाही.

माझं मत असं की औषधांचा डबा सगळ्यांकडे असतो, प्रथमोपचाराची तयारी जवळपास कोणाकडेच नसते. म्हणून तीन प्रश्न. घरात काय ठेवता? कुठे ठेवता? आणि तुम्ही घरी नसताना बाकीच्यांपैकी कोणाला ते वापरता येईल? तिसऱ्याचं उत्तर जरा खरं द्या.

मिरचीठेचा

काय: बटर कुकीजचा निळा डबा. कुठे: कपाटावर. उघडला की निम्म्या वेळा सुईदोरा निघतो, निम्म्या वेळा २०१९ सालचं खोकल्याचं औषध. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या सभेत.

पमीमावशी

आमच्याकडे डबाबिबा काही नाही, स्वयंपाकघरच पेटी. कापलं की हळद, दाढीला कापलं की तुरटी, पोट धरलं की हिंग, भाजलं की कोरफडीचा गर, नाहीतर बटाट्याचा कीस. लग्न होऊन आल्यापासून हेच चालू आहे. सगळी मुलं धडधाकट वाढली.

वानवळा

मावशी, कोरफडीशी माझं भांडण नाही, पण तिचा नंबर फार नंतर. (मी तालुक्याच्या ठिकाणी अपघात विभागात काम केलेला डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.)

भाजल्यावर पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे नळाचं साधं पाणी. धार हळू ठेवायची आणि भाजलेला भाग तिच्याखाली पूर्ण २० मिनिटं धरायचा. कातडी दिसायला गार झाली तरी आतल्या थरांत उष्णता असते आणि ती तिचं काम करत राहते. ती बाहेर काढायची. दोन मिनिटांत "आता बरं वाटतंय" म्हणून हात काढून घेतात, तिथे चुकतं. बर्फ नको, त्याने कातडीचं आणखी नुकसान होतं.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. अर्ध्या तासाने हात सुजला की अंगठी कापावी लागते. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, बाजूचा कापा. फोड फोडू नका. नंतर वरून धुतलेला सुती कपडा किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म सैलसर ठेवा. गुंडाळून आवळू नका.

आमच्याकडे लोक काय काय लावून येतात: टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, अंड्याचा बलक. भाजलेलं किती खोल आहे हे बघायला ते आधी धुऊन काढावं लागतं आणि ते पेशंटला भाजण्याइतकंच दुखतं. रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहाताएवढा भाग म्हणजे साधारण शरीराचा १ टक्का. त्याहून मोठं असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रियं यांवर असेल, किंवा लहान मूल असेल, तर घरी थांबू नका. लहान मुलाचं बरंच अंग भाजलं असेल तर गार पाणी फक्त भाजलेल्या भागावर, बाकी अंग पांघरुणात. मुलं पटकन गार पडतात.

उगाचएक

२० मिनिटं धार? डॉक्टरसाहेब, आमच्याकडे पाणीच दिवसाआड ४० मिनिटं येतं. भाजायची वेळ टँकरच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावी लागेल.

वानवळा

बादलीत हात बुडवून ठेवा किंवा मगाने ओतत राहा. ओलं फडकं ठेवलं तर ते गरम झालं की बदला. एक बादली पुरते हो.

फ्रँकफुर्टची_सून

छान धागा. इकडे जर्मनीत गाडीचं लायसन्स काढायचं तर प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा आहे, ४५ मिनिटांचे ९ तास. त्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही. गाडीत पेटी ठेवणंही कायद्याने बंधनकारक. आमच्या वर्गात मी एकटी साडीतली आणि माझ्या वाट्याला आलेला जोडीदार सहा फुटी, ९० किलोचा. त्याला कुशीवर वळवायचं होतं. म्हटलं, संपलं.

पण वळला! ताकद लागतच नाही. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, अशा वेळी हे करायचं. त्याचा आपल्या बाजूचा हात काटकोनात वर ठेवायचा. पलीकडचा हात छातीवरून आणून पालथा पंजा त्याच्याच गालाखाली धरायचा. पलीकडचा गुडघा उभा करायचा आणि तो आपल्याकडे ओढायचा. अख्खा माणूस वळतो. मग हनुवटी जरा वर, तोंड खालच्या बाजूला. उलटी झाली तरी बाहेर पडते, श्वासनलिकेत जात नाही. पट्ट्या बांधायचं बरंचसं विसरले, पण हे हाताला लक्षात राहिलंय.

बिनधास्त_बाबूराव

हे सगळं तिकडे ठीक आहे. आपल्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर दवाखाना आहे. रिक्षात घाला, १० मिनिटांत डॉक्टरसमोर. अर्धवट ज्ञान असलेल्यांनी कुशीवर वळवत बसण्यापेक्षा ते बरं. उद्या काही बिनसलं तर नातेवाईक वळवणाऱ्यालाच धरतील.

घाटमाथा

बाबूराव, तुमचा कोपरा कुठला ते सांगा, आम्ही राहायला येतो.

मी पोलादपूर तालुक्यातला शाळामास्तर. वाडीवरून डांबरी रस्त्यावर यायलाच पाऊण तास, पावसाळ्यात जास्त. आमच्याकडे प्रथमोपचाराचा पहिला धडा विंचू आणि साप. एक गोष्ट शहरातल्यांनीही लक्षात ठेवावी, कारण फार्महाऊसवर तुम्हीच जाता.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की कित्येकदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतंय म्हणून. घरचे म्हणतात, रात्रीची भाकरी बाधली. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, पोटदुखी आणि पापण्या खाली, एवढं जुळलं तर साप दिसला नसला तरी हॉस्पिटल गाठा. आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून झोपा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी सापालाही आडवी येते.

साप चावल्यावर काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे मी मुलांकडून पाठ करून घेतो. ब्लेडने चिरायचं नाही. तोंडाने ओढायचं नाही. दोरी आवळून बांधायची नाही. देवळात न्यायचं नाही. साप मारून पिशवीत घालून आणायचा नाही, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी सापांवर इंजेक्शन एकच आहे, त्यामुळे डॉक्टरला साप दाखवायची गरज नसते. करायचं एवढंच: पैंजण, अंगठी काढा, माणसाला चालू देऊ नका, हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा आणि निघा. निघताना फोन करून विचारा, लस आहे का? सरकारी दवाखान्यात ती फुकट असते. एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवण्यात जो वेळ जातो तो सगळ्यात महाग.

सांजसकाळ

घाटमाथा सर, पोलादपूर म्हटल्यावर बावस्करांचं नाव यायलाच हवं!

घाटमाथा

येणारच होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडच्या पट्ट्यात लाल विंचवाने धडधाकट माणसं आणि पोरं जायची. दंश झालेल्या ठिकाणच्या कळेपेक्षा खरा हल्ला हृदयावर असतो. घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, फुफ्फुसात पाणी भरतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी हे रुग्ण रात्र-रात्र पाहिले, नोंदी ठेवल्या आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. ती मूळची रक्तदाबाची गोळी, स्वस्त. त्यानंतर मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. विंचू चावून घाम आणि उलटी सुरू झाली की मांत्रिकाकडे नाही, डॉक्टरकडे, एवढंच आमचं काम.

बिनधास्त_बाबूराव

बरं, वाडीवरचं मान्य. माझं म्हणणं शहरापुरतं होतं.

हापूसवाला

शहरातलंच सांगतो, बाबूराव. लग्नाची पंगत, हॉल स्टेशनच्या समोर, आणि हॉलच्या खालीच दवाखाना. आमचे एक काका हसत-बोलत जेवता जेवता गप्प झाले. हात गळ्याकडे. शेजारचे म्हणाले, ठसका लागला. एक जण डोक्याच्या टाळूवर थापट्या मारतोय, "वर बघा, वर बघा". दुसरा पाण्याचा ग्लास तोंडाला लावतोय. काकांच्या तोंडून आवाजच येत नव्हता. खोकला नाही, काही नाही. ओठ निळसर व्हायला लागले होते.

वाढप्यांपैकी एक पोरगा मठ्ठ्याचं जग खाली ठेवून धावत आला. काकांना पुढे वाकवलं, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच सणसणीत दणके. काही नाही. मग मागून मिठी मारली, बेंबीच्या जरा वर मूठ, दुसऱ्या हाताने ती धरली आणि आत-वर असे झटके. तिसऱ्या झटक्याला बटाटेवड्याचा तुकडा पानात. दवाखान्यातून डॉक्टर वर येईपर्यंत काका खुर्चीत बसून घाम पुसत होते. पोरगा कॉलेजात एनएसएसमध्ये शिकला होता म्हणे.

वानवळा

हापूसवाला, या प्रसंगातलं "आवाज येत नव्हता" हे सगळ्यांनी अधोरेखित करा. जो जोरात खोकतोय, त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणीही नको. ज्याला खोकता येत नाही, बोलता येत नाही, त्याच्या बाबतीत सेकंद मोजायचे. पाच दणके, पाच झटके, आलटून-पालटून. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवं करून छाती दाबायला सुरुवात.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटाला झटके द्यायचे नाहीत. बाळ पालथं आपल्या हातावर, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाचदा दाब. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेली वस्तू आणखी खाली जाते. आणि "वर बघ" पूर्ण बंद करा. मान मागे टाकल्याने काही निघत नाही.

पमीमावशी

अगं बाई. मी आयुष्यभर "वर बघ"च म्हणत आले. आणि घोळणा फुटला की पण मान वर.

वानवळा

घोळणा फुटला की मान खाली, मावशी. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत १० ते १५ मिनिटं दाबून धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. मान वर केली की रक्त घशात उतरतं आणि मग उलटी होते.

मिरचीठेचा

फिट आली की कांदा, चप्पल, आणि दातात चमचा. हे तिन्ही गेले का?

वानवळा

तिन्ही गेले. चमच्याने दात तुटतात, नाहीतर चमचा घालणाऱ्याचं बोट. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, धरून दाबू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा (फ्रँकफुर्टच्या सूनबाईंनी सांगितलंय तसं). घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या पुढे गेलं तर १०८.

नळजोड

मी वायरमन. धागा सगळा डॉक्टरी चाललाय म्हणून माझी भर. करंट लागलेल्या माणसाला धरायला जाऊ नका, आधी मेन पाडा. मेन कुठे आहे हे घरातल्या शाळकरी पोरालाही दाखवून ठेवा. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या घरी मीटरपेटीसमोर चपलांचा स्टँड असतो.

दुसरं. लोक म्हणतात "आमच्याकडे एमसीबी आहे". एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. त्यावर T लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडला तर चांगला, नाही पडला तर बदला. गिझर, वॉशिंग मशीन, बोअरची मोटर असेल तर याशिवाय राहू नका.

वाटाड्या

अवांतर: त्या डब्याच्या झाकणावरचा लाल क्रॉसच मुळात चुकीचा आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी संरक्षित चिन्ह आहे, आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. परवानगीशिवाय कोणी वापरायचं नाही. प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय चिन्ह हिरव्यावर पांढरा क्रॉस.

उगाचएक

सभेत हा मुद्दा मांडला तर ठराव तिथेच तीन तास अडकेल. कोयनाकाठ, तुम्हाला हवं तेच मिळालं.

सांजसकाळ

माझा प्रश्न गंभीर आहे. बाबा (७४) छातीत दुखलं तर म्हणून शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेट ठेवतात. त्यांना कोणी मित्राने सांगितलंय. बरोबर का?

वानवळा

त्यांच्या डॉक्टरने त्यांना म्हणून लिहून दिली असेल तर बरोबर. मित्राने सांगितली म्हणून असेल तर नाही. त्या गोळीने रक्तदाब उतरतो. आधीच उतरलेला असेल तर माणूस कोसळतो. छातीत दाबल्यासारखं दुखणं, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येणं, घाम, हे दिसलं की चालवू नका, जिना उतरवू नका, बसवा आणि १०८ लावा. ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खाणं फायद्याचं असतं; पण ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर नाही. त्यांच्या डॉक्टरांना हे आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या, त्या दिवशी विचारायला वेळ नसतो.

आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं असं असेल तर तो मेंदूचा झटका. तिथे ॲस्पिरिन मुळीच नाही. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तास असते, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. "सकाळी बघू" नको.

उगाचएक

१०८ वर मी एकदा फोन केलाय, त्यामुळे जरा व्यावहारिक. (ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे. ११२ लावलात तरी चालतं.) समोरचा शांतपणे विचारतो आणि घाबरलेला माणूस फक्त "लवकर या" म्हणतो. आमच्या शेजारच्या आजी स्वतःच्या सोसायटीचं नाव विसरल्या होत्या. तीस वर्षं राहतात तिथे.

म्हणून फ्रिजवर जाड अक्षरात कागद: पूर्ण पत्ता, विंग, मजला, जवळची ठळक खूण, दोन शेजाऱ्यांचे नंबर, चालू गोळ्यांची नावं, ॲलर्जी. कोयनाकाठ, हा कागद तुमच्या ठरावात घाला, खर्च शून्य. आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. रात्री मागच्या गेटची किल्ली कोणाकडे असते? आणि तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? आमच्यात मावत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीने बांधून आणावं लागलं. खुर्ची हात असलेली हवी, हे तिथेच कळलं.

पमीमावशी

आता माझं ऐका. कोयनाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाहीये.

आमच्या ह्यांना इन्सुलिन आहे. साखर ७० च्या खाली गेली की आधी चिडचिड करतात, मग घामाघूम होतात, मग नुसतेच बघत राहतात. मी देवळात गेले असले तर काय, म्हणून शेजारच्या सातवीतल्या मुलाला शिकवून ठेवलंय. आजोबा असे वागले तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला दे, १५ मिनिटांनी मशीनवर बोट टोचून बघ, परत कमी असेल तर परत दे. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, नुसतं १०८ आणि मला फोन. साखरेची बरणी, चमचा, ग्लास, मशीन, सगळं एकाच ट्रेमध्ये टीव्हीखाली. त्याच्याकडून दर दिवाळीला उजळणी करून घेते, फराळाच्या आधी. चकली त्यानंतर.

वानवळा

मावशी, कोरफडीसकट सगळं माफ. ही या धाग्यातली सगळ्यात चांगली तयारी आहे.

नळदुर्गचा_बोरू

जुलाबांवर कोणी बोललं नाही. ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात अख्खं घालायचं, ग्लासभर पाण्यात अर्धं अंदाजाने नाही. घट्ट झालं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून परत करा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर हेच ड्रमांतून पाजून पटकीचे रुग्ण वाचवले. २०२३ ला मरणोत्तर पद्मविभूषण.

दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचून घ्या.

कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही नाही. त्याच दिवशी इंजेक्शन. कुत्रं घरचं असलं, "फक्त ओरखडलंय" असलं तरी.

बिनधास्त_बाबूराव

मी विरोधी पक्ष सोडतोय, पण एक शंका. छाती दाबायचं ते. समजा मी दाबली आणि बरगडी मोडली?

वानवळा

मोडू शकते. बरगडी नंतर जुळते. माणूस हाक मारून, खांदा हलवून उठत नाही, आणि श्वास नाही किंवा माशासारखे तोंड उघडून तुटक आचके देतोय (तो श्वास नव्हे, इथेच बहुतेक जण फसतात), तर तुम्ही त्याचं आणखी वाईट करू शकत नाही. कोणाला तरी १०८ लावायला सांगा, फोन स्पीकरवर. माणूस जमिनीवर, गादीवर नाही. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायचं जमत नसेल तर नुसतं दाबा. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसांसाठी नेमकं हेच बसवलंय, कोल्स म्हणतात. दोन मिनिटांत दमाल, म्हणून पाळीपाळीने. वाचून येत नाही हे, पुतळ्यावर एकदा तरी करावं लागतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस शिकवतात.

कोयनाकाठ

सभा झाली. डब्यांचा ठराव बारगळला, अर्धा वाटाड्यांच्या १९६० च्या कायद्यामुळे (खरंच मांडला, खजिनदारांनी कपाळाला हात लावला). त्या पैशांत पुतळ्यासकट एक शिबिर ठरलंय, प्रत्येक घरातून दोघांनी यायचं, त्यातला एक जण दिवसभर घरी असणारा. स्वयंपाकाच्या ताई आणि वॉचमन काकाही. यावर थोडी कुरकुर झाली, पण दुपारी दोन वाजता बिल्डिंगमध्ये असतं कोण?

घरातला डबा मी स्वतः भरला. गॉजचे चौकोन, दोन क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, चांगली कात्री, चिमटा, हातमोजे, पोविडोन आयोडीन, ओआरएसची चार पाकिटं, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च. फ्रिजवरचा कागद लागला. डबा मात्र कुठे ठेवायचा यावर घरात एकमत नाही. वर ठेवला तर आईचा हात पोचत नाही, खाली ठेवला तर नात उघडते.

मिरचीठेचा

दोन डबे करा. पट्ट्या, गॉज खाली. गोळ्या-औषधं वर, कुलपात. आणि फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना सोसायटीतून काढा.

वानवळा

+१. रॉकेल किंवा फिनेल प्यायलं तर उलटी काढायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, बाटली घेऊन थेट हॉस्पिटल. रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली असेल तरी तसंच, लगेच एक्स-रे. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळू शकते.

सांजसकाळ

डॉक्टर, एक शेवटचं. तापाचं पॅरासिटामॉल सिरप घरात दोन निघाली. एकावर ५ मिलिलिटरमध्ये १२०, दुसऱ्यावर २५०. दोन्ही मुलांचीच. आजी "एक चमचा" देते. कुठल्यातला?

वानवळा

दुसऱ्यातून चमचाभर दिलं तर औषध दुपटीहून जास्त जातं. मुलाच्या वजनाप्रमाणे एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास. तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाला किती मिलिलिटर ते लिहून घ्या आणि बाटलीला चिकटवा. घरात एकच बाटली ठेवा. माप बाटलीबरोबर आलेल्या टोपणाने किंवा सिरिंजने, चमच्याने नाही.

सांजसकाळ

टोपण मुलीच्या भातुकलीत आहे. शोधते.